नावडत्या माणसाचा अंत्यविधी: फोंडा तालुक्यातील एका सेवेचा अनुभव

गेल्या आषाढात गोव्यातील फोंडा तालुक्यातील आमच्या गावी माझ्या काकांचे राहत्या घरी निधन झाले, तेव्हा अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणाऱ्या एका खासगी सेवेला आम्ही बोलावले. एरवी आमच्याकडे अशी वेळ येत नाही. वाड्यावरची माणसे न सांगता जमतात, बांबू तोडतात, सरण रचतात. परंतु काकांनी जवळजवळ प्रत्येक घराशी वैर जोपासले होते. विहिरीकडे जाणारी वाट त्यांनी काटे घालून बंद केली होती, एका मुलीचे ठरलेले लग्न निनावी पत्र पाठवून मोडले होते, आणि शेजारच्या ख्रिस्ती कुटुंबाला ते जे बोलत, ते येथे लिहिण्यासारखे नाही. माझे वडील, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ, गेले तेव्हा काका खिडकी लावून घरातच बसून राहिले. त्यामुळे खांदा द्यायला चार माणसे मिळतील की नाही, हीच आमची पहिली काळजी होती.

सेवेची माणसे सांगितलेल्या वेळेपेक्षा पाऊण तास उशिरा आली. आल्यावर मात्र त्यांच्यातील वयस्कर गृहस्थांनी मृतदेहाला हात लावण्याआधी विचारले, ‘‘यांना तुम्ही काय म्हणून हाक मारायचा?’’ आणि मग स्नान घालण्यापासून तिरडीवर बांधण्यापर्यंत ते व त्यांचे दोन साहाय्यक ‘काकांना जरा कुशीवर घेऊया’, ‘काकांचा हात सांभाळा’ असेच बोलत राहिले. गावात काकांचा उल्लेख कित्येक वर्षे एका शिवीवजा टोपणनावाने होत होता आणि तो करणाऱ्यांत मीही होतो, हे मला त्या वेळी प्रकर्षाने जाणवले.

निधनवार्तेचा मजकूर लिहून देणे हा या सेवेचाच भाग आहे. गोव्यातील मराठी दैनिकांत मरण पावणारा बहुतेक प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो, तसा तो त्यांच्या तयार मसुद्यातही होता. काकांच्या मुलीने तो शब्द वाचला आणि काही न बोलता कागद परत केला. त्या गृहस्थांनी कारण विचारले नाही. ते वाक्य काढून नाव, वय आणि ‘पश्चात’ एवढेच ठेवले व तिला पुन्हा वाचून दाखवले. दुःखाचा देखावा करण्याची सक्ती त्यांनी आमच्यावर केली नाही, ही या सेवेची मला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट आहे.

गुरुजीही त्यांच्याकडूनच आले होते. ‘मरणान्तानि वैराणि’ हे वचन अशा प्रसंगी सगळेच उच्चारतात, पण त्यांनी त्याचा प्रसंगही सांगितला. वाल्मीकी रामायणाच्या युद्धकांडात रावणाचे संस्कार करायला खुद्द बिभीषण कचरतो, कारण हा भाऊ म्हणजे भावाच्या रूपातला शत्रू होता, असे त्याचे म्हणणे असते. तेव्हा राम त्याला सांगतो की वैर मरणापर्यंतच असते, आपले कार्य झाले, आता याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही. रावण चांगला होता, असे राम त्याला पटवू पाहत नाही. काकांच्या मुलीने हे मान खाली घालून ऐकले आणि मडके स्वतः उचलले.

खांद्याला शेवटी सहा जण झाले, त्यांत दोघे सेवेचे होते. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून संध्याकाळी पेजेचे भांडे आले ते त्याच ख्रिस्ती घरातून. ते आणणाऱ्या आजी दारातूनच परत फिरल्या. त्यांनी काकांना क्षमा केली का, हे मी विचारले नाही. माझे मलाही अजून सांगता येत नाही. दहाव्याला हरवळे येथील धबधब्याजवळ पिंड ठेवले, तेव्हा कावळा बराच वेळ शिवेना. विहिरीची वाट मोकळी करू, असे मी मोठ्याने म्हटले. कावळा त्यानंतरही दहा मिनिटांनी आला, पण वाट आम्ही त्याच आठवड्यात मोकळी केली.

तक्रारी दोन आहेत. पावसाळ्यासाठी त्यांनी ताडपत्रीखाली झाकून कोरडी लाकडे आणली, हे उत्तमच. पण त्याचा वेगळा आकार आधी सांगितला नाही आणि पावतीवर सगळी रक्कम एकत्रच लिहिली. शिवाय मृत्यूची नोंद पंचायतीत करून देऊ, असे फोनवर सांगितले असले, तरी प्रत्यक्षात ती आम्हालाच करावी लागली. नोंदीसाठी २१ दिवसांची मुदत असते आणि मृत्यू घरी झाला असेल, तर डॉक्टरांचा दाखला लागतो. तो त्याच दिवशी घेऊन ठेवावा. पाचपैकी चार गुण.