अ‍ॅकलेशिया: आधी बलून, मग पोएम, आणि त्यानंतरचं रोजचं जेवण

या आजाराच्या उपचारांबद्दल जे ऐकायला मिळतं ते बहुतेक पहिल्या आठवड्यातलं असतं. पाणी सरळ खाली गेलं, घरचे रडले, डॉक्टरांना पेढे दिले. माझं असं दोनदा झालं, एकदा बलूननंतर (फुग्याने झडप सैल करणं) आणि एकदा पोएमनंतर (तोंडातून दुर्बीण घालून झडपेचा स्नायू आतून कापणं). आता पोएमला वर्ष उलटून गेलंय. उपचार कसा निघाला हे खरं तर आत्ता कुठे सांगता येईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अन्ननलिकेच्या तळाशी असलेली झडप घास आला की सैल पडायला हवी. अ‍ॅकलेशियात ती आवळलेलीच राहते, आणि घास खाली ढकलणारी नलिकेची लाटही बंद पडते, कारण तिथल्या मज्जापेशी मरतात. वर्षाला लाखात साधारण एकाला होतो, त्यामुळे निदान लवकर होईल अशी आशा ठेवू नका. मलाही बराच काळ अ‍ॅसिडिटीच्या गोळ्याच मिळाल्या. जावेचं निदान वेगळं होतं: ‘टेन्शन घेतीस तू.’ माझ्या पुढ्यात भाकरी, शेंगाचटणी आणि गरम पाण्याचा तांब्या असायचा. दोन घास झाले की उठून उभं राहायचं, मान ताणायची, वरून गरम पाणी प्यायचं. गार पाण्याने आणखीच अडकायचं. रात्री संध्याकाळचा भात जसाच्या तसा उशीवर यायचा. त्यात आंबटपणा नसायचा, कारण तो पोटापर्यंत गेलेलाच नसायचा. ही खूण लक्षात ठेवा. दुसरी खूण म्हणजे घट्ट आणि पातळ दोन्ही अडकणं.

एंडोस्कोपीत ‘काही विशेष नाही’ आलं. बेरियम पाजून एक्स-रे काढला तेव्हा वर फुगलेली नलिका आणि खाली पक्ष्याच्या चोचीसारखं टोक दिसलं. मग पुण्याला मॅनोमेट्री, म्हणजे नलिकेतला दाब मोजायची तपासणी झाली. नाकातून नळी घालून, आडवं झोपवून, घोट घोट पाणी गिळायला लावतात. नकोशी तपासणी आहे, पण ती टाळू नका, कारण प्रकार तिथेच कळतो. प्रकार तीन आहेत. दुसऱ्याला जवळजवळ सगळेच उपचार चांगले लागू पडतात. तिसऱ्यात नलिका वरपर्यंत आवळते, त्यात लांबवर स्नायू कापता येणारं पोएम सरस ठरतं. माझा दुसरा.

पहिल्यांदा बलून केला. झडपेत फुगा फुगवून स्नायू फाडतात, ३० मिलिमीटरपासून सुरुवात, गरज पडली तर ३५. नलिकेला भोक पडण्याचा धोका शंभरात एक-दोघांना असतो, म्हणून नंतर काही तास लक्ष ठेवतात. छातीत कळ आली, संध्याकाळी चहा प्यायले, दुसऱ्या दिवशी घरी. खर्च कमी, सुट्टी कमी. पुढचे काही महिने छान गेले, मग हळूहळू तांब्या परत ताटाजवळ आला. बलून पुरुषांत आणि चाळिशीच्या आतल्यांत कमी टिकतो. मी तेव्हा पस्तिशीत होते. हे मला आधी कुणी सांगितलं नाही याचा राग अजून आहे.

आकड्यांबद्दल जरा सांगते, कारण त्यावरून नातेवाइकांत बरीच भांडणं झाली. युरोपातल्या २०११ च्या अभ्यासात दोन वर्षांनी बलूनचं यश ८६ टक्के आणि दुर्बिणीच्या हेलर शस्त्रक्रियेचं (पोटाला छिद्रं पाडून झडपेचा स्नायू बाहेरून कापतात) ९०, म्हणजे जवळपास सारखंच. २०१९ च्या दुसऱ्या अभ्यासात मात्र बलून ५४ टक्के आणि पोएम ९२. एवढा फरक कसा? पहिल्यात त्रास परतला तर पुन्हा बलून करायची मुभा होती, दुसऱ्यात ३५ च्या पुढे गरज पडली की अपयश धरलं. म्हणजे बलून चालतो, पण परत परत करून घ्यायची तयारी हवी. आणि ‘यश’ म्हणजे तरी काय? गिळणं, उलटून येणं, छातीत दुखणं, वजन, प्रत्येकाला ० ते ३ गुण. बेरीज ३ किंवा कमी आली की यश. कधीमधी अडकणारा, कधीमधी रात्री उठणाराही या मोजपट्टीवर यशस्वीच असतो.

पोएम हैदराबादला केलं. सोलापूरहून पुण्यासारखीच तीही सोयीची वाट, आणि या कामात तिथले हात सरावलेले. जपानच्या हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलेली ही पद्धत. तोंडातून दुर्बीण घालून नलिकेच्या आतल्या अस्तराखाली बोगदा करतात, आतून स्नायू कापतात आणि बोगद्याचं तोंड क्लिपांनी बंद करतात. पोटावर एकही टाका नाही. आधी पातळ आहार, पूर्ण भूल, दुसऱ्या दिवशी गळती नाही ना याचा एक्स-रे, मग पेज, मग मऊ भात.

गिळण्याला मी दहापैकी नऊ देईन. वजन परत आलं. गड्ड्याच्या यात्रेत उभ्या-उभ्या भजी खाल्ली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. कोरडी कडक भाकरी अजून जात नाही, आमटीत कुस्करून जाते. नलिकेची लाट कुठल्याच उपचाराने सहसा पूर्ववत होत नाही, घास वजनाने आणि पाण्याने उतरतो.

आता दुसरी बाजू. मी युनिफॉर्मच्या कारखान्यात शिवणकाम करते. जेवून मशीनवर वाकलं की आंबट पाणी थेट घशात. झडप कापल्यावर ती आम्लालाही अडवत नाही, हा साधा हिशोब. वरच्या २०१९ च्या अभ्यासात आम्लाने नलिका सुजणं पोएमवाल्यांत ४१ टक्के आणि बलूनवाल्यांत ७ टक्के होतं. तेव्हा पॅन्टोप्राझोल ही आम्ल कमी करणारी गोळी रोज, सकाळी उपाशीपोटी. रात्रीचं जेवण लवकर, पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा. सुपरवायझर बाईंना सांगून जेवणानंतर अर्धा तास इस्त्रीचं काम घेतलंय, ते उभ्याने होतं.

माझ्या मामेभावाने अक्कलकोटला राहून पुण्यात हेलर करून घेतलं. स्नायू कापून वर पोटाचाच पदर शिवतात, आम्ल अडवायला. त्याला छिद्रांच्या जखमा, कामावर जायला वेळ जास्त, पण गोळी क्वचितच लागते. गिळणं आमचं सारखंच. शेजारच्या काकांचं हृदय नाजूक म्हणून त्यांना बोटॉक्स, म्हणजे झडप सैल करणारं इंजेक्शन दिलं. सहा महिने ते वर्षभर टिकतं, त्यांच्या वयाला ते ठीक. तरुणाला कुणी सुचवलं तर मी दुसरं मत घ्या म्हणेन, कारण वारंवार दिलं तर पुढे शस्त्रक्रिया अवघड होते.

माझं काम बसून वाकण्याचं नसतं तर पोएमच पुन्हा निवडलं असतं. या कामासाठी मात्र हेलर बरं होतं असं आता वाटतं. मागच्या एंडोस्कोपीत सौम्य सूज होती. पुढच्या वेळी २४ तासांची पीएच तपासणी (नलिकेत आम्ल किती येतं ते मोजतात) करायची ठरलीय, गोळी कमी करायची की वाढवायची ते त्यावर. अ‍ॅकलेशियात खूप वर्षांनी अन्ननलिकेच्या कॅन्सरचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, त्यामुळे ठरावीक काळाने दुर्बीण सुटणार नाही, उपचार कुठलाही घ्या.