लवंग, जायफळ, खोबरं: जळगावात थंड दळून आणलेला मसाला

आमच्या बचत गटाचा काळा मसाला आजवर अमळनेरातल्याच गिरणीवर दळला जायचा. चैत्र-वैशाखात सगळ्यांचा मसाला एकदमच निघतो. गिरणीचं पातं दिवसभर थांबत नाही आणि पिशवीत पडणारी पूड हाताला चटका देते. गिरणीत पाऊल टाकलं की बाया म्हणतात, काय घमघमाट सुटलाय! मला त्या घमघमाटाची आता हळहळ वाटते. तो वास आमच्या डब्यात राहायला हवा होता. साध्या गिरणीत मसाला ९० अंशांच्याही वर तापू शकतो, आणि लवंगेतलं उडून जाणारं तेल सगळ्यात आधी निघून जातं.

म्हणून गेल्या वर्षी जळगाव एमआयडीसीतल्या एका युनिटमध्ये द्रव नायट्रोजनवर मसाला दळून घेतला. पन्नास किलोच्या आत माल घेत नाहीत, तेव्हा तीन गटांनी मिळून छोटा हत्ती केला.

दाराबाहेर नायट्रोजनची उंच टाकी आहे. भर उन्हात तिच्या नळीवर पांढरं हिव जमलेलं पाहून मी थबकलेच. हा नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो. मसाला आधी एका लांब, जाड आवरणाच्या नळीत फिरत्या स्क्रूने पुढे सरकतो, तिथेच त्याच्यावर नायट्रोजनचा फवारा पडतो. मसाला काचेसारखा ठिसूळ होतो आणि मग पिन मिलमध्ये, म्हणजे फिरत्या चकतीवरच्या खुंट्यांनी माल फोडणाऱ्या गिरणीत, जातो. आत आम्हाला उभं राहू दिलं नाही, ते योग्यच केलं. एका लिटर द्रवाचा जवळपास ७०० लिटर वायू होतो, त्याला ना रंग ना वास, आणि कोंडलेल्या जागेत तो ऑक्सिजनची जागा घेतो. भिंतीवर ऑक्सिजनचं मीटर होतं, कामगाराच्या हातात जाड मोजे आणि तोंडावर काच होती. तुम्ही जाल तिथे हे मीटर आहे का ते आधी बघा.

खरी कमाल खोबऱ्याची झाली. खोबरेल २४-२५ अंशांनाच वितळतं. आमच्याकडे उन्हाळ्यात सावलीतही ४० च्या पुढे असतं, मग गिरणीत भाजलेल्या खोबऱ्याचा लगदा होऊन जाळी चोंदते. जायफळाचंही तेच, त्यात पाव भागाहून जास्त चरबी असते. इथे ती चरबी गोठली आणि खोबरं कोरडं, सुटं, रव्यासारखं बाहेर पडलं. मी मुठीत दाबून पाहिलं, गोळा झाला नाही.

घरी एकाच घाण्यातला अर्धा माल गावच्या गिरणीचा आणि अर्धा थंड दळलेला, अशा दोन कढयांत शेवभाजी केली. सासूबाईंना सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कढईवरचं झाकण काढताच त्या म्हणाल्या, ‘हाऊ तं खलना वास शे!’ त्यांच्या माहेरी मसाला खलातच कुटायचे. गिरणीच्या मसाल्याचे तीन चमचे लागतात तिथे याचे दोन पुरले.

आता तक्रार. पहिली खेप आषाढात आणली. पिशव्या हाताला गार लागत होत्या, आम्ही कौतुकाने लगेच उघडल्या. थंड पुडीने पावसाळी हवेतलं पाणी ओढून घेतलं, दहा दिवसांत गठ्ठे झाले आणि सहा किलो मसाला फेकावा लागला. पिशवी बंद ठेवूनच घरातल्या उबेवर येऊ द्यायची, हे युनिटवाल्यांनी माल देताना सांगायला हवं होतं. फोन केल्यावर चूक मान्य केली, भरपाई मात्र दिली नाही. पुढच्या खेपेला प्रत्येक पिशवीवर ‘एक दिवस उघडू नका’ असं लिहून आलं. आधी कोणाचा माल दळला तेही विचारून घ्या. आमच्या आधी मेथी होती, मी यंत्र पुसून घेतल्याशिवाय लवंग ओतू दिली नाही.

दर गावच्या गिरणीच्या चौपट पडला, कारण वापरलेला नायट्रोजन हवेत जातो, परत मिळत नाही. तेवढे पैसे धण्यांवर घालवू नका. मिरचीच्या रंगात थोडा फरक पडला, पण आमच्या मसाल्याला रंग काळाच लागतो. माझ्या मते लवंग, जायफळ, जायपत्री, मसाला वेलची, दालचिनी, दगडफूल आणि खोबरं एवढंच थंड दळावं, बाकी गावात दळून नंतर घरी मिसळावं. भरल्या वांग्यासाठी हवा असेल तर जाडसर मागा. न सांगता दिलात तर मैद्यासारखा बारीक येतो आणि वांग्यात दाताखाली काही लागत नाही.

यंदा ही सात जिन्नसंच नेणार आहोत, तीही भाजून पूर्ण निवल्यावर. नंदुरबारची मिरची देठं काढून गावच्या कांडपावर जाईल.