फॅमिली प्लॅन: फाइल्स खाजगी, पावत्या मात्र सगळ्या माझ्याकडे

फॅमिली प्लॅनचे (म्हणजे एकाच वर्गणीत घरातले अनेक जण) रिव्ह्यू वाचले की त्यात एकच गोष्ट असते, सहा जणांत वाटलं तर माणशी किती स्वस्त पडतं. ते खरंच आहे, त्यात वाद नाही. पण आमच्याकडे बहुतेक सगळे प्लॅन माझ्या नावावर चालतात, म्हणजे कार्ड माझं, ओटीपी माझ्या फोनवर, आणि कुणाचं काही अडलं की फोनही मलाच, त्यामुळे मला जे दिसतं ते बाकीच्यांना दिसत नाही. आणि 'दिसतं' हे मी अगदी शब्दशः म्हणतेय.

आधी चांगलं सांगते, कारण लोकांना उगाच भीती असते की फॅमिलीत जॉइन झालं की आपले फोटो सगळ्यांना दिसणार. तसं काही नाही. ॲपलचं आयक्लाउड प्लस असो नाहीतर गुगल वन (दोन्ही म्हणजे फोटो-फाइल्स ठेवायची ऑनलाइन जागा), जागा वाटली जाते, आतला माल नाही. कोण किती जीबी वापरतंय एवढं मला दिसतं, आत काय आहे ते नाही. मायक्रोसॉफ्ट ३६५ फॅमिलीत तर प्रत्येकाला स्वतःची १ टीबी वेगळी मिळते, सहा जणांपर्यंत, आणि कुणी कुणाच्या वाटेला जात नाही. स्पॉटिफायच्या फॅमिलीतही सहा जणांची सहा अकाउंट वेगळी, कोण रात्री दोन वाजता काय रडकी गाणी ऐकतंय ते मला कळत नाही आणि कळायला नकोच. या भागाला माझ्याकडून पैकीच्या पैकी मार्क.

गडबड आहे ती पैशाच्या बाजूला. ॲपलच्या फॅमिली शेअरिंगमध्ये (२०१४ मध्ये आयओएस ८ सोबत आलं, ऑर्गनायझर, म्हणजे ग्रुप बनवणारा, धरून सहा जण) पर्चेस शेअरिंग, म्हणजे एकाने घेतलेलं बाकीच्यांनाही वापरता येणं, चालू केलं की घरातल्या कुणीही काहीही विकत घेतलं तरी पैसे एरवी ऑर्गनायझरच्या कार्डातून जातात. समोरच्याच्या अकाउंटला गिफ्ट कार्डचा बॅलन्स असेल तर आधी तो वापरला जातो, नाहीतर थेट आपलं कार्ड. बरं, समोरचा मोठा, कमावता माणूस आहे, त्याला स्वतःच्या कार्डाने भरायचंय, तरी कित्येक वर्षं त्या सेटिंगमध्ये तसं करता येत नव्हतं. गुगल प्लेवर हे जरा माणुसकीने केलंय, तिथे फॅमिली पेमेंट मेथड हा एक पर्याय असतो, ज्याला नको त्याने स्वतःचं कार्ड लावावं.

आणि पावती. जिचं कार्ड तिला पावती जाणार, हे ऐकायला बरोबरच वाटतं. पण पावतीत नुसती रक्कम नसते हो, ॲपचं नाव असतं, आणि नावावरून काय ते सगळं कळतं. आमच्याकडे (कुठल्या कंपनीच्या ग्रुपमध्ये ते जाऊ दे) नणंदेने गरोदरपणाचे आठवडे मोजणारं एक ॲप घेतलं आणि बातमी घरात सांगायच्या आधीच माझ्या मेलबॉक्समध्ये पावती येऊन पडली, ॲपचा गुलाबी आयकॉन, खाली प्लॅनचं नाव, खाली पुढच्या रिन्यूअलची तारीख. मी तोंडाला कुलूप लावून बसले. तिने जेव्हा सांगितलं तेव्हा मला आश्चर्य वाटल्याचा अभिनय काही जमला नाही आणि ती म्हणाली, "वहिनी, तुला आधीच माहीत होतं ना?" काय सांगणार. हे तर आनंदाचं होतं म्हणून हसण्यावारी गेलं, पण समजा कुणी डिप्रेशनसाठीचं ॲप घेतलं, कुणी डेटिंगचं, कुणी नवीन नोकरी शोधायचं, तर? सासरच्या माणसाला, वडिलांना किंवा ज्याच्यापासून वेगळं व्हायचंय त्याच नवऱ्याला ती पावती जाणार. ॲपलमध्ये खरेदी 'हाइड' करता येते, पण ती फक्त यादीतून दिसेनाशी होते, गेलेला मेल थोडाच परत येतोय.

मुलांच्या बाबतीत मात्र हेच बरं वाटतं. 'आस्क टू बाय' चालू असलं की पोराने काही घ्यायचं म्हटलं की आधी माझ्या फोनवर विचारणा येते, १३ वर्षांखालच्यांना ते आपोआप चालूच असतं आणि १८ पर्यंत लावता येतं. म्हणजे डिझाइन करणाऱ्यांच्या डोक्यात फॅमिली म्हणजे आई, बाबा आणि दोन लहान मुलं एवढंच असावं. मोठी भावंडं, दीर, नणंद, सून, सासू हे सगळे कमावते लोक एका ग्रुपमध्ये आले की ते गणित फिसकटतं.

फ्री ट्रायल हा वेगळाच ताप. दिराने व्हिडिओ एडिटिंगच्या कुठल्याशा ॲपची ट्रायल सुरू केली आणि विसरला, आणि वर्षभराचे पैसे कटले माझे. "वहिनी, मला वाटलं फ्री आहे." ट्रायल त्याच्या फोनवर, मुदत संपत आल्याची सूचना त्याला, मेसेज बँकेचा तेवढा मला. पैसे त्याने दिले, पण मागावे लागले ना. घरच्या माणसाकडे पैसे मागायचा जो काही अवघडलेपणा आहे त्याची सोय कुठल्याच प्लॅनमध्ये नाही, सहा जणांची वर्गणी प्रत्येकाच्या खात्यातून आपापली कटेल असं साधं बटन या मोठ्या प्लॅन्समध्ये मला कुठे दिसलं नाही.

टीव्हीबद्दल थोडं. नेटफ्लिक्समध्ये अकाउंट एकच असतं आणि त्यात प्रोफाइल, त्यामुळे पिन लावला नाही तर कुणीही कुणाचंही प्रोफाइल उघडून काय पाहिलंय ते बघू शकतं. चार आकडी पिन लावा, दोन मिनिटांचं काम आहे. यूट्यूबच्या फॅमिली प्लॅनमध्ये हिस्ट्री प्रत्येकाची वेगळी, पण हॉलमधल्या टीव्हीवर ज्याचं अकाउंट लॉगिन आहे त्याच्याच नावावर अख्ख्या घराचे सर्च जमा होतात. सासूबाईंची भजनं, पोरांचे गेमिंगवाले आणि मधूनच कुणीतरी शोधलेलं 'गुडघेदुखी व्यायाम', सगळं माझ्या हिस्ट्रीत.

'एकाच घरात राहणारे' ही अटही नीट वाचा. यूट्यूब दर ३० दिवसांनी ते तपासतं असं त्यांनीच लिहिलंय, स्पॉटिफायला सगळ्यांचा पत्ता एक लागतो, नेटफ्लिक्सने २०२३ मध्ये पासवर्ड वाटण्यावर कडक धोरण आणलं आणि आयपी ॲड्रेस, डिव्हाइस आयडी वगैरे बघून घर ठरवायला लागले. शिकायला बाहेर राहिलेली मुलगी घरची आहे की नाही हे आता राउटर ठरवणार.

ग्रुपमधून बाहेर पडणं तर त्याहून त्रासाचं. ॲपल आणि गुगल दोन्हीकडे ग्रुप वर्षातून एकदाच बदलता येतो. गुगल वनच्या वाटलेल्या जागेतून बाहेर पडलात आणि तुमचा डेटा फुकटच्या १५ जीबीपेक्षा जास्त असेल तर जीमेलवर मेल येणं-जाणंच थांबतं, म्हणजे नात्यात बिनसलं की पहिला फटका इनबॉक्सला. ॲपलमध्ये ऑर्गनायझरपद दुसऱ्याला देता येत नाही, ग्रुप मोडून नव्याने बनवावा लागतो, आणि १३ वर्षांखालचं मूल ग्रुपमध्ये असेल तर आधी त्याला दुसऱ्या फॅमिलीत हलवावं लागतं. घटस्फोट चालू असताना हे कसं करायचं, हेल्प पेजवर वाचून बघा, डोकं धरून बसाल.

माझा हिशोब असा: मायक्रोसॉफ्ट आणि स्पॉटिफाय पाचपैकी साडेचार, कारण तिथे मी फक्त प्लॅनचे पैसे भरते, दुसऱ्यांच्या बाकीच्या खरेदीशी माझा संबंध येत नाही. गुगल चार. ॲपल, लहान मुलं असतील तर चार, सगळे मोठे असतील तर अडीच, आणि तेही पर्चेस शेअरिंग बंद ठेवून, आयक्लाउड प्लस आणि म्युझिक तेवढं वाटून घ्यायचं असेल तर. आमच्याकडे पर्चेस शेअरिंग आता बंदच आहे. दीर म्हणतो ॲप दोनदा घ्यावं लागतं, घे की मग, तुझं कार्ड आहे ना.