मैत्रीच्या स्वयंपाकघरासाठी जळगावचा वाळवलेला कांदा

अंटार्क्टिकावरच्या मैत्री किंवा भारती या भारतीय संशोधन केंद्रावर आचारी म्हणून निघालेल्या माणसानं सामानाच्या यादीत नुसतं ‘वाळवलेला कांदा’ लिहून थांबू नये. जळगावात पांढऱ्या कांद्याचा हा माल काप, बारीक तुकडे, रवा आणि भुकटी अशा तऱ्हांनी मिळतो. वर्षभर भाजी कशी होणार, ते तऱ्हेवर ठरतं.

आमची पसंती कापांना. भिजल्यावर त्यांना थोडी तरी चव राहते, चावायलाही काही लागतं. बारीक तुकडे आमटीला आणि अंड्याला ठीक. भुकटी शेवभाजीचा रस्सा दाट करायला उत्तम, पण ती दोन-चार किलो पुरे. दमट हवेत सगळ्यात आधी तिचाच दगड होतो.

हिशेब असा. हिवाळी मुक्कामाला पंचवीस माणसं धरा, माणशी रोज 100 ग्रॅम कांदा, म्हणजे अडीच किलो. साधारण 9 किलो ओल्या कांद्याचा 1 किलो वाळलेला होतो. रोजचे 280 ग्रॅम, वर्षाचे 100 किलोच्या आसपास. जहाज वर्षातून एकदाच उन्हाळ्यात येतं, म्हणून 10 किलो वर घ्या. ओला कांदा नेला तर तोच हिशेब नऊशे किलोंवर जातो, शिवाय तो गोठला की संपला: आतलं पाणी बर्फ होऊन पेशी फोडतं आणि वितळल्यावर हातात गिळगिळीत लगदा येतो. वाळलेल्यात पाणी नावापुरतंच, त्यामुळे थंडी त्याचं काही बिघडवत नाही.

बिघडवतो तो आचारी. काप थेट तापल्या तेलात टाकले की काही सेकंदांत काळे पडतात आणि अख्खं पातेलं कडू होतं, कारण पाणी गेल्यामुळे साखर दाटलेली असते. 280 ग्रॅम कापांवर सव्वा लिटर कढत पाणी ओता, झाकून वीस मिनिटं ठेवा, मग घट्ट पिळा. पिळलेलं पाणी फेकू नका. निम्मा वास त्यातच उतरलेला असतो, ते रश्शात घाला. मैत्रीवर पाणी प्रियदर्शिनी तलावातून येतं, तिथे वाया घालवण्याजोगं काहीच नाही. पिळलेला कांदा मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं परता. खान्देशी वाटणासाठी आधी वाटा, मग तेल सुटेपर्यंत परता. खोबरं वेगळं भाजा. काळा मसाला मात्र घरूनच करून न्यावा.

बुक्कीनं फोडलेल्या कांद्याची जागा हा कधीच घेणार नाही. कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या) भाकरीशी ती उणीव रोज जाणवते, आणि सूर्य न उगवणाऱ्या दोन महिन्यांत जास्तच. तेवढ्यासाठी ठेचा सोबत ठेवावा.

बांधणीत खरा धोका बर्फाचा नाही, वाटेचा आहे. विषुववृत्ताजवळच्या दमट उकाड्यात माल ओल धरतो, तपकिरी पडतो. वीस किलोच्या पोत्याऐवजी एक किलोच्या, आतून अ‍ॅल्युमिनियमचा थर असलेल्या पिशव्या मागा. पातळ पॉलिथिनला कापांच्या कडा टोचतात. थंड कोठारातून आणलेली पिशवी लगेच फोडू नका. स्वयंपाकघराच्या उबेला येईपर्यंत बंद ठेवा, नाहीतर आत दव धरून काप चिकटतात. थर्माकोलचे मणी घालून खोकी भरून देतो म्हणणाऱ्या दुकानदाराला थांबवा. अंटार्क्टिकाच्या पर्यावरणरक्षणासाठी झालेल्या 1991 च्या माद्रिद करारानुसार ते अंटार्क्टिकावर नेता येत नाहीत. रिकामं प्लॅस्टिकही परत आणायचं असतं, तेव्हा डब्यापेक्षा घडी होणारी पिशवीच बरी.

घेताना एक काप वाकवून पाहा. कटकन मोडला तर घ्या, चामड्यासारखा वाकला तर परत करा.