पानं दाबायचा लाकडी प्रेस आणि चेस्टनटचं गिरमिट: सहा महिने वापरल्यानंतर

मागच्या सप्टेंबरात, म्हणजे इथे म्युनिकला पानगळ सुरू व्हायच्या जरा आधी, मुलांसाठी दोन गोष्टी घेतल्या होत्या. एक पानं दाबायचा लाकडी प्रेस आणि दुसरं चेस्टनटला (एका झाडाच्या गोल, तपकिरी, कडक बियांना) भोक पाडायचं छोटं गिरमिट. आता मार्च संपत आलाय, दोन्ही भरपूर वापरून झालंय म्हणून सविस्तर लिहितेय. मुलगी सहा वर्षांची आणि मुलगा चार, त्या हिशोबाने वाचा.

आधी गिरमिटाबद्दल, कारण घेताना मला ते उगाच वाटलं होतं आणि पोरांनी सगळ्यात जास्त तेच वापरलं. इथल्या जुन्या बिअर गार्डनमध्ये हॉर्स चेस्टनटची मोठमोठी झाडं आहेत, पूर्वी खाली तळघरात बिअर साठवायचे ती थंड राहावी म्हणून सावलीला लावलेली. सप्टेंबरच्या शेवटी त्यांच्याखाली नुसता सडा पडतो. काटेरी हिरवं बोंड फोडून काढलेलं ताजं चेस्टनट इतकं तुकतुकीत असतं की पॉलिश केलेल्या शिसवीची आठवण येते, आणि एका बाजूला फिकट खरबरीत डाग असतो, तिथून गिरमिट फिरवलं की सहज आत जातं. मग भोकात काड्यापेटीच्या काड्या खोचायच्या, दोन चेस्टनट जोडायचे, ओकच्या फळाची वाटी टोपी म्हणून चिकटवायची. मुलीने चार पायांचं काहीतरी करून शिंगं लावली, आजीला व्हिडिओ कॉलवर दाखवलं तर आजी म्हणाली अगं हा तर पोळ्याचा बैल! मग काय, पुढचे चार दिवस घरात फक्त बैल, प्रत्येकाला लोकरीची झूल.

दोन गोष्टी मात्र सांभाळा. चेस्टनट गोल, ते घसरतं, आणि आमच्या सेटमध्ये धरायला काहीच दिलं नव्हतं. पहिल्याच दिवशी माझ्या तळव्याला टोचलं. त्यानंतर बरणीच्या झाकणात क्ले भरून त्यात चेस्टनट दाबून बसवतो, मग मुलगी माझ्यासमोर स्वतः फिरवते, चार वर्षांच्याला मी अजून देत नाही. आणि गोळा केल्यापासून आठवड्याभरात भोकं पाडून घ्या, नंतर वाळून दगड होतात. आम्ही उरलेले प्लास्टिकच्या डब्यात झाकण लावून ठेवले तर सगळ्यांना बुरशी आली, कागदी पिशवीत ठेवायला हवे होते. हो, आणि हे हॉर्स चेस्टनट खायचं नसतं, विषारी आहे, भाजून खातात ते चेस्टनट वेगळं, लहान भाऊ-बहीण असेल तर विशेष लक्ष ठेवा. ठेचून पाण्यात घालून बरणी हलवली तर रिठ्यासारखा फेस येतो, दोन्हीत सॅपोनिन असतं म्हणून. मुलांना हा खेळ प्रचंड आवडला, नंतर हात मात्र नीट धुवायला लावले.

आता प्रेस. दोन लाकडी फळ्या, चार कोपऱ्यांना स्क्रू, मध्ये पुठ्ठे आणि टिपकागद. लाकूड चांगलं आहे, सहा महिन्यांत वाकलं नाही, स्क्रूचे नट मुलांच्या बोटांना फिरवता येतात. पण सोबत आलेले टिपकागद अगदीच अपुरे. पहिल्या खेपेला पावसात भिजलेली मेपलची पानं तशीच भरली आणि आठवडाभर उघडलंच नाही, तर लाल पानं काळपट होऊन कागदाला चिकटली आणि मुलगी खूप रडली. दुसऱ्यांदा पानं आधी टॉवेलवर कोरडी केली, पहिले चार दिवस रोज कागद बदलला, तेव्हा रंग टिकला. त्यामुळे एक्स्ट्रा टिपकागद सोबतच घ्या, हे मी कळकळीने सांगते.

रंगाचं म्हणाल तर गिंको झाडाच्या पानांचं पिवळं आजही तसंच आहे. लाल मेपल जानेवारीपर्यंत गडद झालं, खिडकीत उन्हात लावलेली पानं तर पार फिकी पडली. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरवं हरितद्रव्य गेलं की दिसायला लागतो, आणि लाल रंग बऱ्याच झाडांत पान शरदातच नव्याने बनवतं, हे मुलीला सांगितल्यावर ती प्रत्येक झाडाला "हा आधीचा की नवा" विचारत फिरायची. काही पानं आम्ही मधमाशीच्या मेणात बुडवली, मेण साधारण ६२ ते ६४ अंशाला वितळतं म्हणून पातेल्यात पाणी ठेवून वर वाटी, हे काम पूर्ण माझं. मेणातली पानं लवचिक राहिली, त्यांचं तोरण केलं.

सगळ्यात सुंदर वापर कंदिलाचा झाला. दिवाळी २० ऑक्टोबरच्या सुमाराला आली आणि ११ नोव्हेंबरला इथे सेंट मार्टिनचा दिवस, संध्याकाळी अंधारात मुलं हातात कागदी कंदील घेऊन रांगेने गाणी म्हणत निघतात. मार्टिनने आपला झगा अर्धा कापून थंडीत कुडकुडणाऱ्या भिकाऱ्याला दिला, ती गोष्ट. आम्ही एकाच बैठकीत दोन्ही केले. आकाशकंदिलाला कामट्या आणि पतंगाचा कागद, मार्टिनच्या कंदिलाला चीजच्या गोल डब्याचं झाकण आणि बूड, भोवती पारदर्शक कागद. दोन्हीत कागदाच्या दोन थरांमध्ये दाबलेली पानं. आत दिवा लागल्यावर पानाच्या शिरा शीर न् शीर दिसतात, लहानपणी वहीत ठेवलेलं पिंपळाचं जाळीचं पान आठवून मला भरून आलं. मिरवणुकीत मुलगा सगळ्यांना कंदील वर करून दाखवत होता.

फक्त प्रेसच घेऊ का असं विचाराल तर पाच वर्षांच्या आतल्या मुलासाठी नको, त्याला आठवडाभर थांबणं जमत नाही, माझा मुलगा रोज उघडायचा हट्ट करतो. मोठ्यासाठी बिनधास्त घ्या. गिरमिट दोघांनाही उपयोगी, फक्त शेजारी बसून, आणि लहानासाठी ते आपणच फिरवून. आत्ता प्रेसमध्ये बागेतली प्रिमरोझची फुलं आहेत, फूल पानापेक्षा जास्त पाणी धरतं म्हणून कागद सकाळ-संध्याकाळ बदलतेय, गुरुवारी उघडायचंय.