पाच बाटल्या, एक साडू आणि खोकल्याच्या औषधाचं माप

मागच्या गटारीला आमच्या साडूभाऊंनी नेहमीची ब्लेंडर्स प्राइड व्हिस्की आणली आणि बसल्या बसल्या सुरू झाले, की जून २०२५ मध्ये राज्य सरकारनं देशात बनणाऱ्या दारूवरचं उत्पादन शुल्क उत्पादन खर्चाच्या तिपटीवरून साडेचारपट केलं, आता आपली आणि स्कॉच, म्हणजे स्कॉटलंडची, यात किमतीचा फरक तो काय राहिला, मग सरळ स्कॉचच का पिऊ नये. मी म्हटलं साडूभाऊ तुम्ही सोडा एवढा ओतता की त्यात स्कॉच काय आणि जलजीरा काय, तुम्हाला कळणारे का? झालं, पेटलं. म्हणून हा सगळा उद्योग, वेगवेगळ्या देशांच्या व्हिस्क्या शेजारी ठेवून फरक कळतो का ते बघायचा. आता अकरा महिने होत आलेत, त्यामुळे थोडं लिहायचा हक्क आहे असं मला वाटतं.

नियम साधा होता, ७५० मिलीचा खंबा तीन हजारांच्या आत पाहिजे आणि प्रत्येक देशाच्या पद्धतीची एक पाहिजे. पैसे अर्धे अर्धे, बाटल्या माझ्याकडे (हे मी आधीच वदवून घेतलं). स्कॉटलंडकडून टीचर्स, अमेरिकेकडून जिम बीम व्हाइट, आयर्लंडची जेमसन, आपली सिंगल माल्ट (एकाच डिस्टिलरीतली, नुसत्या मोड आणलेल्या बार्लीची) म्हणून पॉल जॉन निर्वाणा. जपानी बाटली बजेटमध्ये बसेना म्हणून ओकस्मिथ गोल्ड, जी जपानच्या सनटोरी कंपनीच्या ब्लेंडरनं, म्हणजे व्हिस्क्या एकत्र करणाऱ्या तज्ज्ञानं, खास भारतासाठी बनवलेली आहे. आणि तुलनेला साडूंची ब्लेंडर्स प्राइड, म्हणजे बीपी. हो, परमिट आहे माझ्याकडे, हजार रुपयांचं आजन्म, लग्नाच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त जपून ठेवलंय.

पहिले दोन महिने तर वायाच गेले म्हणा. कारण आम्ही नेहमीसारखंच पित होतो, बर्फ, सोडा, पुढ्यात तिखट शेव आणि मसाला पापड. सगळ्या सारख्याच लागत होत्या, आणि साडू खूश, म्हणाले बघा, मी काय सांगत होतो! मग बर्फ बंद केला, कारण गार झालं की वासच उठत नाही, आणि शेव बंद करून नुसते भाजलेले शेंगदाणे ठेवले, ते पण बिनमिठाचे. पंधरा मिली मोजायला मुलीच्या खोकल्याच्या औषधाचं प्लास्टिकचं माप (धुऊन, अर्थात) आणि प्यायला कटिंग चहाचे ग्लास. त्या ग्लासात नाक खुपसून वास घ्यायचा, एक घोट नुसता, मग चमचाभर पाणी घालून परत. हे पाण्याचं नाटक नाहीये, २०१७ साली स्वीडनच्या दोन संशोधकांनी कॉम्प्युटरवर दाखवलं होतं की पाणी घातलं की ग्वायकॉल नावाचा धुरकट वासाचा पदार्थ वर पृष्ठभागापाशी येतो, म्हणजे थेट नाकापाशीच. आमचं चमचाभर म्हणजे जरा जास्तच होतं म्हणा, पण फरक पडला.

तो सगळ्यात जास्त कळला टीचर्समध्ये. ही ब्लेंडेड, म्हणजे माल्ट आणि ग्रेन (इतर धान्यांची) व्हिस्की एकत्र केलेली, आणि तिच्यातला मुख्य माल्ट आर्डमोरचा, जी डिस्टिलरी १८९८ मध्ये टीचर्सवाल्यांनीच बांधली. तिथे बार्ली पीटच्या धुरावर वाळवतात, पीट म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या झाडपाल्याचं वाळवलेलं जळण. आपल्याकडे मिळते ती ४२.८ टक्क्यांची, इथेच बाटलीत भरलेली. नुसती प्यायली की आधी चरका बसतो, जरा कडवटच, पहिल्या रात्री मला अजिबात आवडली नव्हती. पण सकाळी ग्लास विसळायला घेतला, तळाशी थेंबभर वाळलेलं होतं, सहज वास घेतला तर अगदी हुरडा पार्टीतली आगटी विझल्यावर येतो ना, तसला राखेचा आणि धुराचा वास. त्या दिवसापासून मी रिकामे ग्लास रात्री धूतच नाही. बायको म्हणते कारण आळस आहे. असेल, पण वास खरा आहे. जानेवारीत टीचर्सबरोबर वांग्याचं भरीत खाऊन बघितलं, नुसतं भरीत, चमच्यानं, भाकरीशिवाय. एवढं सांगतो की शेव त्यानंतर परत टेबलावर आली नाही.

जिम बीमचा प्रकारच वेगळा. ही बर्बन, म्हणजे अमेरिकन पद्धतीची व्हिस्की. बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका लागतो आणि ती नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पिंपातच मुरवावी लागते, त्यामुळे वास म्हणजे नुकतं सुतारकाम झालेल्या घरात कुणीतरी कस्टर्ड करतंय असा. गोड आहे, साडूंना पहिल्याच घोटाला खोकल्याचं औषध आठवलं, तो दोष मापाचाही असू शकतो. हिच्याबरोबर शेंगदाण्याची चिक्की खा, माझ्यावर विश्वास ठेवा. नवी पिंपं पाहिजेत म्हटल्यावर वापरलेली जातात कुठे, तर बरीचशी स्कॉटलंड, आयर्लंड आणि आपल्या गोव्यापर्यंतही, म्हणजे बाकीचं जग अमेरिकेच्या उष्ट्या पिंपात माल मुरवतं आणि वर भाव जास्त घेतं! अजून एक गंमत, सनटोरीनं २०१४ मध्ये बीम कंपनी विकत घेतली, त्यामुळे टीचर्स, जिम बीम आणि ओकस्मिथ तिन्ही एकाच मालकाच्या. आम्ही आपले देशादेशांची स्पर्धा लावून बसलोय आणि यातले तिघे एकाच घरचे.

जिम बीमचं मात्र मी वाटोळं केलं. पाऊण बाटली संपली होती, उरलेली फ्रिजच्या वर ठेवली, तिथे मागून गरम हवा येते हे डोक्यातच नाही, आणि एप्रिल आख्खा तसाच गेला. मे मध्ये ओतली तर कस्टर्ड गायब, नुसतं ओलं लाकूड. बाटली अर्ध्याखाली गेली की आत हवा जास्त होते, त्यात उष्णता, मग चव उतरणारच. तर बाटली कपाटात, अंधारात, उभी ठेवा, आणि तळाला आली की संपवून टाका.

जेमसनबद्दल फार लिहिण्यासारखं नाही, तीनदा डिस्टिल केलेली, मऊ, हिरव्या सफरचंदासारखी, घशाला अजिबात लागत नाही. म्हणूनच सगळ्यात आधी ती संपली. नुसती प्या किंवा आल्याची जिंजर एल घाला. ओकस्मिथ म्हणजे स्कॉच माल्ट आणि बर्बन एकत्र केलेली, आणि खरं सांगायचं तर नुसती मला ठीकठाकच वाटली, पण जपानी लोक करतात तसं भरपूर बर्फ आणि गार सोडा घालून हायबॉल केला तर मात्र चांगली उठते. इथे बर्फाला माफी.

निर्वाणा गोव्यात कुंकळ्ळीला बनते. आम्ही पुण्यातच जास्त पैसे देऊन घेतली, तिकडून आणायची तर सीमेवर इन्सुलीचा दारू तपासणारा नाका आहे आणि आमच्यात तेवढी धमक नाही. हिच्यात धूर नाही. मध, आणि मागून पिकलेल्या केळ्याचा वास, पाणी घातलं की थेट शिकरण. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला साधारण दोन टक्के उडून जातं, गोव्याच्या उकाड्यात त्याच्या कितीतरी पट, पण त्याच उकाड्यानं लाकडाचा अंश लवकर उतरतो, त्यामुळे कमी वयाची असून कच्ची लागत नाही. शेवटी जरा तुरट आहे, पण ते चालतं.

होळीला बायकोनं परीक्षा घेतली. सहा कटिंग ग्लास, बुडाला मार्करनं आकडे. अकरा महिने, म्हणजे तेव्हा आठच, मी साडूंना लेक्चर देत होतो, आणि माझे बरोबर आले दोन, धुरामुळे टीचर्स आणि कस्टर्डमुळे जिम बीम. जेमसनला मी छातीठोकपणे ओकस्मिथ म्हटलं. साडूंनी नुसत्या चाखून एकही ओळखली नाही, मग म्हणाले थांबा, जरा सोडा द्या, आणि सोडा घातल्यावर पाच नंबर उचलून म्हणाले, ही आपली. होती बीपीच. तीस वर्षं सोड्यातूनच बघितलंय तिला, चेहरा कसा विसरतील.

आता तुलना करायची असेल तर आमच्यासारखे खंबे घेत बसू नका, मिळेल तिथे क्वार्टर घ्या, एका वेळी दोनच ठेवा, तीन झाल्या की जीभ बधिर होते. मी परत घेतली ती टीचर्स, दोनदा. साडूंनी अजून बीपी सोडलेली नाही, पण आता सोडा निम्म्यावर आलाय आणि परवा फोनवर हळूच विचारत होते, ती शिकरणवाली उरलीये का. उरलीये, पेगभर, फार तर दीड. गटारीला येतायत ते. मी सांगितलं, बघतो.