झेड फोरचे मागचे बुश बदलले: एक हिवाळा काढल्यानंतरचा अनुभव

निकाल आधी सांगून टाकतो, पाल्हाळ नंतर. माझी बीएमडब्ल्यू झेड फोर ई८५ मालिकेतली, २००४ ची, तीन लिटर इंजिनवाली. गेल्या ऑक्टोबरात तिच्या मागच्या ट्रेलिंग आर्मचे, म्हणजे मागचं चाक बॉडीला धरून ठेवणाऱ्या दांड्यांचे, दोन्ही बुश बदलले. बुश म्हणजे सांध्यात बसणारा रबरी गोळा, आत लोखंडी नळी असलेला. लेमफर्डर कंपनीचे साधे रबरी घातले, पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लॅस्टिकचे) नाही. त्यावर इंग्लंडचा अख्खा हिवाळा, रस्त्यावरचं मीठ आणि थंडी सरल्यावर उगवणारे खड्डे, सगळं होऊन गेलंय. वीस वर्षं उलटलेल्या या गाडीवर आजवर जो काही पैसा घातला, त्यातला सगळ्यात वसूल झालेला हाच. मात्र दोन अटी आहेत. बुश आवळताना कोन बरोबर साधायला हवा आणि नंतर चारही चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन मशीनवर जुळवून घेणं, करायलाच हवं. यातलं एक जरी राहिलं तरी नवे बुश घालून फारसं काही हाती लागत नाही.

मी राहतो मँचेस्टरच्या दक्षिणेला. इथल्या मोटरवेच्या डाव्या लेनमध्ये ट्रकांच्या चाकांनी लांबच लांब चऱ्या पडलेल्या असतात. झेड फोर त्या चरीत शिरली की स्टिअरिंग हातात असूनही गाडी ताब्यात नाही असं वाटायचं. स्टिअरिंग सरळ धरलेलं, पुढची चाकं सरळ, आणि मागचा भाग आपल्या मर्जीनं कधी डावीकडे, कधी उजवीकडे. लेन बदलताना गाडी दोन हप्त्यांत वळायची: आधी नाक वळणार, मग क्षणभरानं शेपूट येऊन जागेवर बसणार. वळणात ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलला की मागून बारीक हिसका, ब्रेकवर पाय ठेवला की पुन्हा एक. आवाज मात्र कसलाच नाही. हे मुद्दाम लिहितोय, कारण बुश गेला म्हणजे खडखड झालीच पाहिजे अशी आपली समजूत असते. हा बुश बहुतेक वेळा मुकाट्यानं जातो.

या गाडीबद्दल कुणालाही विचारा, पहिलं उत्तर ठरलेलं असतं: रन-फ्लॅट टायर काढून टाक. सल्ला चूक नाही. बहुतेक ई८५ कारखान्यातून रन-फ्लॅटवर, म्हणजे पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणाऱ्या टायरांवर, यायच्या, डिकीत स्टेपनी नाही, आणि त्या टायरांच्या बाजूच्या भिंती इतक्या ताठ असतात की रस्त्यातली प्रत्येक चर त्या पकडतात. मी आदल्या वर्षीच साधे टायर घातले होते. हादरे कमी झाले, खड्ड्यात दात वाजायचे थांबले, पण शेपूट हलायची काही थांबली नाही. उलट नव्या टायरांनीच खरं काय ते दाखवलं. मागचे दोन्ही टायर आतल्या कडेनं गुळगुळीत झाले, बाहेरची नक्षी जवळपास शाबूत. पाठोपाठ वार्षिक एमओटी तपासणीच्या कागदावर मागच्या दोन्ही बुशांचा शेरा आला. नापास नाही, पण लक्ष ठेवा, अशा वर्गातला. वर्षानुवर्षं हा शेरा घेऊन फिरणाऱ्या झेड फोर इथे कमी नाहीत. विकत घेताना जुने एमओटीचे शेरे सरकारी संकेतस्थळावर फुकट पाहता येतात. बघून घ्या.

आता हा बुश एवढा का महत्त्वाचा, ते. या गाडीच्या मागच्या प्रत्येक चाकाला तीन आर्म धरून ठेवतात. दोन आडवे, वर आणि खाली. तिसरा म्हणजे पुढे जाणारा जाडजूड ट्रेलिंग आर्म, ज्याचं पुढचं टोक एका रबरी बुशातून बॉडीला जोडलेलं असतं. बीएमडब्ल्यूनं ही रचना पहिल्यांदा १९८९ च्या झेड वनमध्ये आणली, मग ई३६ आणि ई४६ या थ्री सिरीजमध्ये. झेड फोरची मागची बैठक याच घराण्यातली, त्यामुळे ई४६ वाल्यांनाही यातलं जवळजवळ सगळं लागू पडेल. झेड थ्रीवाल्यांना नाही. तिच्याखाली ई३० या आणखी जुन्या थ्री सिरीजच्या काळातली सेमी-ट्रेलिंग पद्धत आहे, बुश वेगळे, दुखणीही वेगळी.

तर त्या पुढच्या एका बुशावर चाकाचा टो, म्हणजे चाक सरळ रेषेपासून आत किंवा बाहेर किती वळलंय ते, अवलंबून असतो. चाकाच्या पुढे असलेलं ते टोक आडवं सरकलं की चाक तेवढं आत किंवा बाहेर वळतं. अर्ध्या मीटरच्या आर्मचं टोक दोन मिलिमीटर सरकलं तर चाक पाव अंशाच्या आसपास फिरतं. ऐकायला चिल्लर वाटतं, पण अलाइनमेंटचं मशीन हिशोब अंशाच्या साठाव्या भागात करतं, आणि तिथे पाव अंश म्हणजे पंधरा. म्हणजे मागची चाकं चालकाला न विचारता स्टिअरिंग करत असतात, आणि ब्रेक, ॲक्सिलरेटर, चर, वारा, प्रत्येकाचं वेगवेगळं ऐकतात. अशा गाडीचं अलाइनमेंट कितीही वेळा करून आणा. लिफ्टवर उभी असताना आकडे हिरवे दिसतील, रस्त्यावर पहिल्या ब्रेकला ते गेले. माझे असे पैसे एकदा गेलेत. त्या टायरवाल्यानं मागे वाकून बघितलंसुद्धा नव्हतं.

रबर की पॉली, या प्रश्नावर मी बराच काथ्याकूट केला. पॉलियुरेथेनच्या बाजूचं म्हणणं सरळ आहे: टिकतं जास्त, दबतं कमी, आणि दोन तुकड्यांत येतं म्हणून प्रेसशिवाय हातानं बसतं. पॉवरफ्लेक्सच्या जांभळ्या बुशांना या देशात जुन्या गाड्यांच्या मंडळींमध्ये मान आहे आणि पुढच्या आर्मला मी स्वतः ते आनंदानं लावीन. पण मागचा हा सांधा नुसता बिजागरासारखा वरखाली फिरत नाही. चाक वर जाताना दोन आडवे आर्म त्याला आपापल्या कमानीत ओढतात, त्यामुळे ट्रेलिंग आर्म वरखाली होता होता थोडा पिळतो आणि थोडा तिरपाही होतो. बुशाला एकाच वेळी तीन बाजूंनी वाकावं लागतं. रबर ते निमूट करतं. कडक पॉली आडवी हालचाल थांबवते, पण पिळालाही अडते, आणि मग चाकाची मोकळी चाल कमी होते. ट्रॅकवर, खाली बसवलेल्या ताठ गाडीला हे चालून जातं. डोंगरातल्या ओल्या, उंचसखल रस्त्यावर मला ते नको होतं. शिवाय पॉलीला अधूनमधून ग्रीस लागतं. ओळखीच्या एकाच्या ई४६ मध्ये असे बुश आहेत, आणि पाऊस पडून गेला की ती दर स्पीडब्रेकरला कुरकुरते. त्याला सवय झालीय. मला झाली नसती.

मधला मार्ग म्हणून लिमिटर मिळतात. रबरी बुशाच्या दोन्ही बाजूंना, आर्म आणि ब्रॅकेटच्या (बुशाला बॉडीशी जोडणाऱ्या लोखंडी तुकड्याच्या) मधल्या फटीत बसणाऱ्या पातळ चकत्या. फिरायला मोकळीक, आडवं सरकायला मज्जाव. कल्पना उत्तम आहे. गाडी जोरात हाकणाऱ्यानं जरूर घालाव्यात. मी घातल्या नाहीत, कारण आधी नवं साधं रबर कसं वागतं ते बघायचं होतं. ते पाहिल्यावर गरज वाटली नाही.

काम ओळखीच्या गॅरेजवाल्याच्या लिफ्टवर केलं, त्याच्याच देखरेखीखाली. कोल्हापूरला माझा आतेभाऊ गॅरेज चालवतो. आदल्या रात्री फोनवर त्यानं एकच बजावलं होतं: "हे बघ, गाडी चाकावर उभी केल्याबिगर बुशाचा बोल्ट आवळायचा न्हाई." नियम सोळा आणे खरा आहे. बुशाचं रबर आतल्या लोखंडी नळीला चिकटलेलं असतं आणि बोल्ट आवळला की ती नळी जागेवर जाम होते. त्यानंतर आर्म जेवढा फिरेल तेवढं रबर पिळलं जातं. चाक लोंबकळत असताना आवळलं तर गाडी जमिनीवर येताच रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि बघता बघता फाटतं. अडचण एवढीच की या गाडीत ब्रॅकेट बॉडीला लावल्यावर त्या बोल्टपर्यंत पाना पोचतच नाही. आधी बोल्ट आवळायचा, मग ब्रॅकेट वर चढवायचं, असाच क्रम. म्हणून कोन आधीच ठरवावा लागतो. कंपनीचं त्यासाठी खास हत्यार आहे. आम्ही सोपा मार्ग धरला. गाडी चाकांवर उभी असतानाच आर्म आणि ब्रॅकेटमधला कोन मोजून घेतला, दोन्हीवर पांढऱ्या रंगानं खुणा केल्या आणि नवा बुश बसवल्यावर त्या खुणा जुळवूनच बोल्ट आवळला. ब्रॅकेट बॉडीवर कुठे बसलंय त्याच्याही खुणा हव्यात. त्या भोकांमध्येच टो कमीजास्त करायची जागा असते.

उरलेलं काम अंगमेहनतीचं. ब्रॅकेटचे तीन बोल्ट गंजलेले असणार हे धरूनच आदल्या दिवशी तेल मारून ठेवलं. आर्म खाली घेताना ब्रेकच्या नळीचं आणि सेन्सरच्या वायरीचं क्लिप आधी सोडवा, नाहीतर सगळा भार नळीवर येतो. जुने बुश आटे पाडलेल्या सळीच्या पुलरनं ओढून काढले. नवे बसवताना साबणाचं पाणी लावलं. इंजिन ऑइल किंवा ग्रीस अजिबात नाही, रबर फुगतं त्यानं. खाली वाकलाच आहात तर मागच्या स्प्रिंगांचीही टोकं बोटानं चाचपून घ्या. या गाडीची मागची स्प्रिंग टोकाला तुटणं ही मालकांमधली जुनी तक्रार आहे, आणि तुटलेली स्प्रिंग महिनोन्‌महिने कळत नाही. माझ्या धड निघाल्या.

काढलेले बुश पाहून वाईट वाटण्यासारखं काही नव्हतं. बाहेरून धडधाकट. पण आतल्या नळीत पेचकस घालून ढकलला की ती बाजूला सहज सरकत होती, आणि एका बुशात रबर लोखंडापासून अर्ध्या गोलात सुटलं होतं. नव्यात तोच पेचकस ढकलून काही हललं नाही. रबर वयानंही जातं, नुसत्या मैलांनी नाही. त्यामुळे "गाडी फारशी चालवलेली नाही" या वाक्यावर जुन्या गाडीच्या बाबतीत फार विसंबू नये.

मग अलाइनमेंट. ते बुशांच्या जोडीपेक्षा महाग पडलं. बुश साठ पौंडांच्या आत आले, मशीनवाल्यानं त्याच्या दुपटीहून जास्त घेतले. पण बीएमडब्ल्यूची पद्धत माहीत असलेला माणूस शोधणं गरजेचं होतं. आकडे गाडीत वजन ठेवून, टाकी भरून घ्यायचे असतात. त्यानं सीटवर वाळूच्या पिशव्या ठेवल्या तेव्हाच खात्री पटली.

पहिल्या दिवशीच फरक कळला, पण त्या दिवशीच्या मतावर माझा फारसा भरवसा नसतो. पैसे नुकतेच गेलेले असतात, माणसाला फरक दिसणारच. म्हणून इतके महिने थांबलो. आज जे टिकून आहे ते असं: मोटरवेवरच्या चरींमधून गाडी जाते तेव्हा पुढून थोडी ओढ अजून जाणवते, ती रुंद टायरांची. मागून काहीच येत नाही. लेन बदलणं एका दमात होतं. मॅकल्सफील्डहून बक्स्टनला जाणारा ए५३७, कॅट अँड फिडल म्हणतात तो रस्ता, आता सरासरी वेग मोजणाऱ्या कॅमेऱ्यांमुळे ताशी ५० मैलांवर बांधलेला आहे. पण वेग कमी असला तरी वळणं तीच आहेत, आणि वळणाच्या मध्यावर पाय उचलला तरी गाडी धरलेली रेघ सोडत नाही. ओल्या रस्त्यावर हा फरक जास्त कळतो. आधी मी वळणाआधीच आवरतं घ्यायचो आणि त्याला सावधपणा समजायचो.

मागचे टायर आता समान झिजताहेत. नक्षीची खोली आत-बाहेर मोजली तर फरक नगण्य. यंदाच्या एमओटीत बुशांचा शेरा गेला. आराम कमी झाला का, असं बायकोनं विचारलं, आणि तिच्याच तोंडून उत्तर आलं की झाला असेल तर तिला तरी कळलं नाही. पॉली घातले असते तर हा प्रश्न तिनं विचारला नसता, थेट सांगितलं असतं.

याने काय सुटलं नाही, तेही लिहायला हवं. गाडी ताठ आहे, ती ताठच राहणार. विजेवर चालणाऱ्या स्टिअरिंगचा मधोमधचा निर्जीवपणा तसाच आहे. त्याचा मागच्या बुशांशी संबंध नाही. आणि एक नवीन गोष्ट ऐकू यायला लागली: पहिल्या गिअरवरून दुसऱ्यावर जाताना मागून एक मऊ ठक. आधीही असणार, पण मागच्या सगळ्या ढिलाईत ती बुडून गेली होती. लिफ्टवर पट्टी लावून पाहिलं तर डिफरन्शियलच्या (इंजिनची ताकद मागच्या दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याच्या) मागच्या बुशात फट दिसते. जुन्या गाडीत एक सांधा घट्ट केला की पुढचा ढिला बोलायला लागतो, त्यामुळे खर्चाचा अंदाज बांधताना दोन बुशांवर थांबू नका. ब्रेक मारताना स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढच्या आर्मचे मागचे बुशही याच फेरीत बघून घ्या. ते बदलले तरी अलाइनमेंट पुन्हा लागतंच, मग त्याचे पैसे दोनदा कशाला द्यायचे?

डिफरन्शियलचा बुश मागवलाय. तोही रबरीच. सप्टेंबरात लिफ्ट मोकळी मिळेल असं गॅरेजवाला म्हणालाय.